‘शहपुरा’ आणि ‘शहपुऱ्यात’: पुनरावर्ती संगणकीय कामांचे स्वयंचलन आणि तौलनिक अभ्यासातील शब्दगणना

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा हे तहसिलीचे गाव जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या मार्गावर, नर्मदेच्या खोऱ्यात वसलेले आहे. जवळच्या भिटौनी या रेल्वेस्थानकामुळे त्याचा उल्लेख पुष्कळदा ‘शहपुरा-भिटौनी’ असा जोडीने होतो. हा प्रदेश १७८१ पासून सागरच्या मराठ्यांच्या, १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांच्या आणि १८१७-१८ पासून इंग्रजांच्या अमलाखाली राहिला. मराठी आणि हिंदी यांचा येथील सहवास त्यामुळे जुना आहे. त्यातच नर्मदा परिक्रमेची परंपरा असल्याने या नदीकाठाचे प्रवासलेखन हिंदी, मराठी व गुजराती अशा तिन्ही भाषांत विपुल झालेले आहे. जबलपूरचे अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांनी तर नर्मदेविषयी हिंदी व गुजराती या दोन्ही भाषांत लिहिले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यापेक्षा सोयीचे क्षेत्र सहसा सापडणार नाही.

अशा लेखनाची स्थलनामसूची करावयाची आहे, असे समजू. कोणत्या भाषेतील प्रवासी कोणत्या गावी थांबतो, कोणते गाव नुसते नाव घेऊन ओलांडतो, हे त्या सूचीवरून पाहावयाचे आहे. संगणकावर हे काम बहुधा असे चालते: एक धारिका उघडावी, गावाचे नाव शोधावे, ते वाक्य उचलून दुसऱ्या धारिकेत ठेवावे, पुढे पृष्ठांक लिहावा, पुन्हा मागे यावे. चारशे पृष्ठांच्या ग्रंथाला पृष्ठामागे दोन मिनिटे धरली तरी तेरा तासांहून अधिक वेळ एका ग्रंथाला लागतो. आणि सूची पूर्ण झाल्यावर एखादे गाव राहून गेल्याचे ध्यानात आले, तर तेच तेरा तास पुन्हा. या श्रमात विद्वत्ता फारशी नाही, परंतु त्यावाचून विद्वत्तेला आधारही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पात १९४८ पासून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या हातांनी लिहिल्या गेल्या. मॉरिस ब्लूमफील्ड यांची १९०६ सालची वैदिक पादसूची याच प्रकारच्या परिश्रमातून निर्माण झाली.

हे श्रम यंत्राकडे सोपविण्याचा साहित्याभ्यासातील पहिला मोठा प्रयत्न रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट विद्वानाने केला. संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील ‘उपस्थिती’ या संकल्पनेचा शोध घेताना आपला खरा विषय ‘इन’ हे लॅटिन शब्दयोगी अव्यय आहे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यासाठी त्यांनी सुमारे दहा हजार पत्रे हातांनी लिहून काढली, आणि नंतर १९४९ मध्ये आयबीएम या कंपनीकडे साहाय्य मागितले. त्यातून निर्माण झालेली ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’ ही सूची १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत प्रसिद्ध झाली. (पत्रे छिद्रित करण्याचे प्रत्यक्ष काम तरुण स्त्रियांच्या एका गटाने वर्षानुवर्षे केले, हे या कथेत बहुधा गाळले जाते.) बुसा यांचा ‘इन’ लॅटिनमध्ये स्वतंत्र शब्द म्हणून उभा असतो. मराठीत त्याच अर्थाचा ‘त’ नामाला चिकटतो. ‘नदीत’, ‘देहात’, ‘शहपुऱ्यात’ या रूपांतील ‘त’ वेगळा शोधू गेल्यास यंत्र ‘रात’, ‘गीत’, ‘भात’ हेही समोर ठेवील, आणि ‘हात’ या शब्दातून ‘हा’ हे सर्वनाम काढून दाखवील. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा फरक आहे. पुनरावर्ती काम यंत्राला देताना त्या कामात दडलेला भाषिक निर्णय प्रथम उघड करावा लागतो. तो न केल्यास यंत्र तोच निर्णय स्वतः, चुकीचा आणि सर्वत्र एकसारखा करते.

स्वयंचलन याचा अर्थ येथे मर्यादित आहे. जी कृती प्रत्येक वेळी त्याच क्रमाने करावी लागते, तिचा क्रम एकदा लिहून ठेवायचा व पुढे तो यंत्राकडून पाळून घ्यायचा, एवढेच. याची पहिली पायरी म्हणजे शब्दलेखनाच्या आज्ञावलीतील मॅक्रो. हाताने केलेल्या कळदाबांची ती नोंद असते आणि एका कळीने ती पुन्हा चालविता येते. दुसरी पायरी नमुना-शोधाची. संगणकाच्या परिभाषेत त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्यात ठरावीक शब्दाऐवजी शब्दाचा आकार सांगितला जातो: अमुक अक्षरांनी सुरू होणारे, पुढे कितीही अक्षरे असलेले, शब्दसीमेपाशी संपणारे. तिसरी पायरी पायथनसारख्या भाषेत लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीची. ती शंभर धारिका एकामागून एक उघडून हीच कृती करते आणि निकाल कोष्टकात मांडते. स्थलनामसूचीसारख्या कामाला वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली पुरते. किरकोळ वाटणाऱ्या कामांतही यामुळे बराच वेळ वाचतो. उदाहरणार्थ, छायाप्रतींच्या धारिकांना ‘१, २, … १०’ अशी नावे दिल्यास पुष्कळ आज्ञावलींत दहावे पृष्ठ दुसऱ्याच्या आधी येते. ‘००१, ००२’ अशी नावे एकदम देणारी आज्ञा एकदा लिहिली की हा प्रश्न कायमचा मिटतो.

अडचण येते ती पाठाच्या स्वरूपाची. शहपुऱ्यासारख्या गावी, किंबहुना साऱ्या मध्य प्रदेशात, हिंदी टंकलेखनाची परंपरा रेमिंग्टन कळफलकाची आणि कृतिदेव या फॉन्टची आहे. राज्यातील संगणकप्रावीण्याच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखन युनिकोडमध्ये अपेक्षित असले, तरी गेल्या दोन-तीन दशकांत टंकलिखित झालेले हिंदी साहित्य मोठ्या प्रमाणावर कृतिदेवातच पडून आहे. मराठीत हीच स्थिती श्रीलिपी, आकृती इत्यादी फॉन्टांनी निर्माण केली. या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसते, परंतु धारिकेत साठविलेली असतात ती रोमन अक्षरे. कृतिदेवात ‘हिंदी’ हा शब्द एफ, जी, ए, एन, एच या पाच अक्षरांनी साठविला जातो. त्यातील एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. हाताने लिहिताना ती आधी काढावी तशी ती ‘ह’च्याही आधी येते. ‘कर्म’मधील रेफ ‘म’च्या नंतर येतो आणि ‘कर्मों’मध्ये तो मात्रेच्याही मागे जातो. युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवितात. म्हणून वेलांटी व्यंजनानंतर आणि रेफाचा ‘र्’ व्यंजनापूर्वी हवा. केवळ अक्षरास अक्षर बदलणाऱ्या आज्ञेने हे साधत नाही. रेफ आढळल्यावर मागे जात मात्रा ओलांडाव्यात, अर्धी व्यंजने ओलांडावीत आणि अक्षराच्या आरंभी पोहोचून तेथे ‘र्’ ठेवावा, असा नियम लिहावा लागतो. एकच पाऊल मागे जाणारा नियम ‘कर्म’ बरोबर लिहील, ‘कर्मों’ मात्र बिघडवील. पहिल्या दहा ओळी तपासून समाधान मानणाऱ्याच्या दृष्टीस हा बिघाड पडणारही नाही.

‘शहपुरा’ या नावाची तर येथे विशेष गंमत होते. कृतिदेवात ‘श’ हे अक्षर अवतरणचिन्हाच्या कळीने सुरू होते. शब्दगणनेची बहुतेक तयार साधने आरंभीच विरामचिन्हे काढून टाकतात. त्यामुळे अशा पाठातून ‘शहपुरा’ आपला पहिला वर्णच गमावून बसतो आणि शोधणाऱ्याला ते नाव एकदाही सापडत नाही. पाठ प्रथम युनिकोडमध्ये आणावा आणि मगच त्यावर अन्य प्रक्रिया करावी, हा क्रम म्हणून अनिवार्य ठरतो.

युनिकोडमध्ये आल्यावर प्रश्न संपतात असेही नाही. मराठी लेखक ‘शहपुऱ्यात’, ‘शहपुऱ्याहून’, ‘शहपुऱ्याचा’ असे लिहितो. त्यातील ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे साठविता येतो: स्वतंत्र संकेतांक असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, साध्या ‘र’ला नुक्ता देऊन, किंवा ‘र’ व हलन्त यांच्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर तिन्ही एकच दिसतात, शोधात तीन वेगळे शब्द ठरतात. पहिल्या दोहोंचे एकरूपीकरण युनिकोडच्या प्रमाणीकरणाने आपोआप होते. तिसऱ्यासाठी नियम स्वतः लिहावा लागतो. याखेरीज मराठी मजकूर हिंदीची सवय असलेल्या टंकलेखकाकडून उतरवून घेतल्यास ‘शहपुर्यात’ असे रेफयुक्त चौथे रूप येण्याचा संभव असतो. ते ‘ऱ्या’त बदलण्याचा सरसकट नियम करावा, असा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; ‘आचार्यांना’ नमस्कार करावयाचा आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगावयाचा. नर्मदेच्या प्रवासवर्णनात दऱ्या पदोपदी येणार आणि आचार्यही भेटणार. असा नियम स्थलनामांच्या यादीपुरताच मर्यादित ठेवावा.

यापुढचा प्रश्न लिपीचा नसून व्याकरणाचा आहे, आणि तुलनेच्या दृष्टीने तोच कळीचा. हिंदीत परसर्ग नामापासून सुटा लिहितात: ‘शहपुरा में’, ‘शहपुरा से’, ‘शहपुरा का’. ‘शहपुरा’ हा शब्द शोधला की सारे उल्लेख हाती येतात. मराठीत नामाचे सामान्यरूप होते आणि प्रत्यय त्याला जोडला जातो. ‘शहपुरा’ असा शोध घेतल्यास ‘शहपुरा हे गाव’ किंवा ‘शहपुरा येथे’ एवढेच उल्लेख मिळतात. ‘येथे’ जोडण्याची रीत वृत्तांताची व कार्यालयीन गद्याची आहे. चालून थकलेला परिक्रमावासी ‘शहपुऱ्यात पोचलो’ असे लिहितो. म्हणजे यंत्राकडून राहून जाणारे उल्लेख विखुरलेले नसतात. कार्यालयीन मजकूर टिपला जातो आणि प्रवाशाचे स्वतःचे वाक्य नेमके निसटते. अशा सूचीवरून ‘मराठी प्रवाशांनी या गावाकडे दुर्लक्ष केले’ असा निष्कर्ष काढला, तर त्याला आकड्यांचा भरपूर आधार दाखविता येईल आणि तो निखालस चूक असेल.

हाच घोटाळा शब्दसंग्रहाच्या मोजणीत अधिक मोठ्या प्रमाणावर होतो. अवकाशाने विभागलेला प्रत्येक घटक म्हणजे एक शब्द, अशी यंत्राची व्याख्या असते. तिच्यानुसार ‘शहपुऱ्यात’, ‘शहपुऱ्याहून’, ‘शहपुऱ्याचा’, ‘शहपुऱ्याची’, ‘शहपुऱ्यातच’, ‘शहपुऱ्यातूनही’ हे मराठीचे सहा शब्द. हिंदीत मात्र ‘शहपुरा’ एक आणि त्यापुढे साऱ्या पाठात पुनःपुन्हा येणारे ‘में’, ‘से’, ‘का’, ‘की’, ‘ही’, ‘भी’. परिणामतः सारख्याच आशयाच्या दोन पाठांत मराठी पाठाची एकूण शब्दसंख्या कमी भरते आणि भिन्न शब्दांची संख्या जास्त. ‘मराठी लेखकाची शब्दकळा समृद्ध आहे’ असे विधान अशा कोष्टकावरून करणे म्हणजे लेखनपद्धतीतील अंतराला शैलीचे श्रेय देणे होय. मूळ आणि अनुवाद यांच्या तुलनेत हा धोका अधिकच वाढतो, कारण तेथे प्रत्येक फरक अनुवादकाच्या निवडीचा मानण्याकडे अभ्यासकाचा कल असतो.

याचे उत्तम उदाहरण याच प्रदेशाशी संबंधित असलेल्या माधवराव सप्रे यांच्या कार्यात मिळते. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ मध्ये जन्मलेल्या या मराठीभाषक हिंदी लेखकाने ‘दासबोध’ हिंदीत आणला, लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ पाठोपाठ हिंदीत अनुवादित केला, आणि १९२० मध्ये जबलपूरहून सुरू झालेल्या ‘कर्मवीर’ या पत्राच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. ‘गीतारहस्या’चे मूळ व अनुवाद समोर ठेवून ‘कर्म’ हा शब्द किती वेळा येतो, हे मोजावयाचे ठरविले तर काय होते? मराठीत तो ‘कर्माचें’, ‘कर्मानें’, ‘कर्मास’, ‘कर्मांत’, ‘कर्मच’ अशा रूपांत विखुरलेला, हिंदीत बहुशः उघडा. ‘कर्म’ने सुरू होणारे सर्व शब्द घ्यावेत, तर ‘कर्मठ’ही येतो. ‘कर्मयोग’ आला तर तो ‘कर्म’मध्ये मोजावा की स्वतंत्र पारिभाषिक संज्ञा मानावी? ‘अकर्म’ आणि ‘विकर्म’ तर या शोधात येतच नाहीत. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर संगणक देऊ शकत नाही. तिन्ही प्रश्न संपादकाचे आहेत. हाताने चिठ्ठ्या लिहिणारा अभ्यासक ते चिठ्ठी लिहितानाच, बहुधा नकळत, सोडवीत असे.

टिळकांचा पाठ १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वीचा असल्याने तेथे ‘नाहीं’, ‘असें’, ‘त्यांत’ अशी अनुस्वारयुक्त रूपे आहेत. आजच्या पद्धतीने ‘नाही’ असा शोध घेणाऱ्याला ती नेहमीच सापडतील असे नाही. अनुच्चारित अनुस्वार काढून टाकणारी आज्ञा लिहावी, हे ओघानेच सुचते आणि ती दोन ओळींत लिहिताही येते. पण जुन्या लेखनातील ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आहे आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन. अनुस्वार काढताच हा भेद मिटतो. ‘घरांत’ या जुन्या रूपाचे तर एकवचनही तेच आणि अनेकवचनही तेच. नव्या लेखनात ‘घरात’ आणि ‘घरांत’ अशी दोन रूपे आहेत. सरसकट अनुस्वार पुसणारी आज्ञा जुन्या पाठातील साऱ्या घरांना एकवचनी करून टाकते. हा बदल उलटा फिरविता येत नाही, कारण पुसलेले पुन्हा कोठे ठेवायचे याची खूण उरत नाही. यास्तव मूळ पाठाला हात न लावता प्रमाणीकृत पाठ शेजारच्या स्तंभात निर्माण करावा, शोध त्यात घ्यावा आणि अवतरण मात्र मूळ स्तंभातून उचलावे. हा शिरस्ता अभ्यासकाने अगदी पहिल्या दिवसापासून पाळावा.

या साऱ्या खबरदारीनंतर स्वयंचलनाने खरोखरच वेळ वाचतो का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एका ग्रंथापुरते पाहिले तर कित्येकदा वाचत नाही. एखाद्या लघुकथेतील स्थलनामे शोधण्यासाठी आज्ञावली लिहिणे हा वेळेचा अपव्ययच. लाभ दिसतो तो दुसऱ्या ग्रंथापासून, आणि त्याहून अधिक दुरुस्तीच्या वेळी. नियमात ‘शहपुर्यात’ हे चौथे रूप घालावयाचे राहिले होते असे उशिरा कळले, तर एक ओळ वाढवून पंधरा ग्रंथांची सूची काही मिनिटांत नव्याने करता येते. शिवाय दुसऱ्या अभ्यासकाला तो नियम वाचता येतो, त्यावर आक्षेप घेता येतो. हाताने केलेल्या सूचीत काय गाळले हे तिच्या कर्त्यालाही पुढे सांगता येत नसे.

नियम लिहिल्यावर तो तपासण्याची रीत साधी आहे. प्रत्येक ग्रंथातील दहा पृष्ठे यदृच्छेने निवडावीत, त्यांतील उल्लेख डोळ्यांनी वाचून मोजावेत आणि यंत्राच्या निकालाशी ताडावेत. जे सुटले आणि जे नाहक आले, अशा दोन्ही याद्या ठेवाव्यात. दुसरी यादी पुष्कळांना नकोशी वाटते, पण ‘हात’मधून निघालेला ‘हा’ तिच्यातच सापडतो.

२०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेल्या मोठ्या भाषाप्रतिमानांमुळे आज्ञावली लिहिण्याचे कौशल्य अंगी नसलेल्या अभ्यासकालाही हे मार्ग मोकळे झाले आहेत. आपणास हवा असलेला क्रम साध्या मराठीत वा हिंदीत सांगावा आणि आज्ञावली लिहवून घ्यावी, हे आज शक्य आहे. मात्र पाठच त्यांच्या स्वाधीन करून ‘हा युनिकोडमध्ये आणून शुद्ध करून द्या’ असे सांगणे हे वेगळे. ही प्रतिमाने संभाव्य शब्द लिहितात; जुना ‘तें’ ती निमूटपणे ‘ते’ करतील, अपरिचित गावाचे नाव परिचित गावासारखे करतील, आणि कोठे काय बदलले याची नोंद राहणार नाही. त्यांच्याकडून नियम घ्यावा, पाठ घेऊ नये. नियम वाचून पारखता येतो.

एक काम मात्र यांपैकी कोणत्याही पायरीवर यंत्राकडे देता येत नाही. शहपुरा एक नाही. जबलपूर जिल्ह्यातील शहपुऱ्याप्रमाणेच दिंडोरी जिल्ह्यातही शहपुरा नावाचे तहसिलीचे गाव आहे. १९९८ पर्यंत तो भाग मंडला जिल्ह्यात मोडत असल्याने जुन्या ग्रंथांत त्याची ओळख वेगळ्या जिल्ह्याच्या नावाने येईल. राजस्थानात शाहपुरा आहे, भोपाळात त्या नावाची वस्ती आणि तलाव आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूर आहे, बेळगावातही शहापूर आहे, आणि मराठी टंकलेखकाच्या बोटांना त्याच नावाची सवय अधिक. नर्मदेच्या परिक्रमेत पहिले दोन्ही शहपुरे संभवतात. त्यांतील कोणता अभिप्रेत आहे, हे मागचा मुक्काम आणि पुढचा मुक्काम वाचूनच ठरते: भेडाघाट मागे टाकून नदीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे चाललेला प्रवासी एका शहपुऱ्याविषयी बोलतो, अमरकंटककडे चढत गेलेला दुसऱ्या. म्हणून सूचीच्या कोष्टकात गावाच्या नावापुढे एक स्तंभ रिकामा सोडावा. प्रत्येक उल्लेखाची आधीची व नंतरची पाच-पाच वाक्ये यंत्राने आणून ठेवावीत. तो स्तंभ अभ्यासकाने वाचून स्वतः भरावा, आणि जेथे निर्णय होत नाही तेथे ‘अनिश्चित’ असे लिहून ती नोंद मोजणीबाहेर ठेवावी.